त्यांची अकरा, आमची नऊ

आमच्या भजनी मंडळात बायका माझ्याकडे उपासाच्या थालीपिठाचं प्रमाण विचारायला येतात आणि जाताना कार्ब्युरेटर कसा साफ करायचा ते शिकून जातात. मी मुद्दाम नाही शिकवत हो! पण एक किस्सा सांगून संपतो न संपतो, तोवर आमची गाडी कुठेतरी बंद पडते आणि दुसरा तयार होतो. आता तर बायका टाळ खाली ठेवायच्या आधीच विचारतात, "वंदनाताई, पुढे काय झालं?"

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. आमचे हे आणि माझे मोठे दीर, दोघांचा फुलांचा धंदा. पहाटे कल्याणच्या फूलबाजारातून माल उचलायचा आणि ठाण्याला हॉलवाल्यांना, देवळांना पोचवायचा. दोघांनी एकाच दिवशी, एकाच मुहूर्तावर, एकाच रंगाच्या दोन पिकअप घेतल्या. पेट्रोलवरच्या, जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरच्या. डोंबिवलीत आम्ही तळमजल्यावर, भाऊजी आणि सुमनताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, वरच्या मजल्यावर. दोन्ही गाड्या खाली शेजारी शेजारी.

सगळं सारखं. फक्त त्यांची गाडी लिटरला अकरा द्यायची आणि आमची नऊ!

सासूबाईंनी आम्हां दोघींत कधी डावं-उजवं केलं नाही. मुलांच्या मार्कांवरून कधी बोलणं झालं नाही. पण हे दोन किलोमीटर माझ्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. बरं, मी मासे खातसुद्धा नाही.

*

हळदीकुंकवाला चाळीतल्या-बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका जमलेल्या. सुमनताई तिळगुळाची वडी मोडता मोडता म्हणाल्या, "आमची काही खातच नाही गं. तुमचीच जरा खादाड आहे."

एक नवीन भाडेकरीण बिचारी माझ्या मुलीकडे बघायला लागली! मुलगी कॉलेजला जाणारी, ती ताडकन उठून आत गेली.

"गाडीबद्दल बोलतायत," मी हसत सांगितलं. हसत बरं का! हातात वाण द्यायच्या वाट्या होत्या. सुमनताईंना द्यायची वाटी मी मुद्दाम ढिगाच्या तळातून काढली. जरा चेपलेली.

घरी जाऊन देवापुढे कान पकडले. पण वाटी बदलून दिली नाही.

*

या पाडव्याला दोघा भावांनी बसून ठरवलं. दोन दोन जुन्या गाड्यांचं पासिंग, इन्शुरन्स, दुरुस्ती आता झेपत नाही. एकच ठेवायची. दसऱ्याची गर्दी उरकली की दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यानं चालवून बघायच्या. जिचं अ‍ॅव्हरेज जास्त ती राहील, दुसरी भंगारात.

"आणि चालवणार कोण?" मी विचारलं.

"ज्याची गाडी तो," हे म्हणाले. "दुसरा बाजूला बसेल. टोपल्या सांभाळेल."

एवढं सहज म्हणाले, पण त्या दिवशी ह्यांच्या ताटातली पुरणपोळी तशीच राहिली. लग्न झालं तेव्हापासून ह्या माणसाला मी स्टेअरिंगमागेच पाहिलंय. आमच्या लग्नाची वरातसुद्धा ह्यांनी स्वतः चालवली होती. ठरवलेला ड्रायव्हर गीअर नीट टाकत नाही म्हणून! असा माणूस मांडीवर झेंडूची टोपली घेऊन बाजूला बसणार?

मी त्याच क्षणी ठरवलं. अ‍ॅव्हरेज वाढलंच पाहिजे.

*

श्रावणात सोळा सोमवार धरले. गुरुजींना म्हटलं, संकल्प व्यवस्थित सांगा. देवाला नेमकं कळलं पाहिजे काय हवंय ते. उगाच 'सुख-समृद्धी' म्हणायचं आणि देवानं दुसरंच काहीतरी द्यायचं.

गुरुजी क्षणभरही थांबले नाहीत. पळीभर पाणी सोडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मम भर्तुः पिकअप-वाहने अल्प-पेट्रोलेन दीर्घ-प्रवास-सिद्ध्यर्थम्..."

मी थक्क! "गुरुजी, एवढं कठीण लगेच कसं सुचलं हो तुम्हाला?"

"सुचलं कुठलं," गुरुजी म्हणाले, "कालच वरच्या मजल्यावर म्हणून झालंय. पाठ आहे!"

*

आमचा मिस्त्री बाळू. आंबिवली स्टेशनच्या बाहेर त्याचं गॅरेज. माणूस उत्साही, पण एकदा कुठल्या स्क्रूला हात लावला की त्याला पुढचं भान राहत नाही.

ह्यांनी त्याला सांगितलं, "बाळू, काहीही कर, पेट्रोल कमी प्यायला पाहिजे."

"एवढंच ना शेठ!" म्हणत त्यानं कार्ब्युरेटरचा स्क्रू असा काही पिळला की पेट्रोल जवळजवळ बंद आणि नुसतीच हवा. "वहिनी, आता बघा. गाडीला पण तुमच्यासारखा उपास!"

गाडी निघाली छान. पण वेग कमी केला की बंद. सिग्नलला बंद. गतिरोधकावर बंद. पत्रीपुलावर तर भर मधोमध बंद पडली. मागे रिक्षांची ही रांग! हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक हवालदार धावत आला आणि ओरडला, "ओ काका, काय चाललंय काय?"

हे खिडकीतून शांतपणे म्हणाले, "बंद आहे साहेब. पण एक थेंब पेट्रोल खात नाहीये!"

*

मध्येच भाऊजींनी कुठूनसं एक लोहचुंबक आणलं. पेट्रोलच्या नळीवर बसवायचं, की पेट्रोल म्हणे सरळ रांगेत जातं आणि पुरवून पुरवून जळतं. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं.

सुमनताईंनी जिन्यात गाठून सांगितलं, "आम्ही चुंबक बसवलं हं."

मी दोन बसवायला लावली!

आठवडाभरानं बाळूनं बॉनेट उघडलं. अ‍ॅव्हरेज होतं तिथंच होतं. पण त्याचा महिनाभर हरवलेला पाना सापडला. चुंबकाला चिकटलेला!

*

मग वजनाची टूम निघाली. गाडी हलकी तर पेट्रोल कमी. ह्यांनी मागची ताडपत्री काढली, जॅक काढला, टूलबॉक्स काढला, स्टेपनी काढून गॅलरीत ठेवली. माझ्या कुंड्या त्या टायरमागे दडून गेल्या, मी चकार शब्द काढला नाही. शेवटी ह्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी कधीमधी गाडीतून भिवपुरीला माहेरी जाते, त्याबद्दल.

"तू गुरुवारची बसत जा," हे म्हणाले. "उपास असतो."

पुढं काय झालं, शिळफाट्याजवळ गाडी पंक्चर. स्टेपनी गॅलरीत. ह्यांनी मागून येणाऱ्या भाऊजींना फोन लावला, "दादा, तुझी स्टेपनी घेऊन ये." भाऊजी आले. मोकळ्या हातांनी. त्यांनीही तीच युक्ती केलेली! दोघे भाऊ दोन गाड्यांच्या सावलीत काकडी खात बसले आणि मी नि सुमनताई दोन स्टेपन्या घेऊन रिक्षानं शिळफाट्याला गेलो.

रिक्षात दोघींच्या मांडीवर एकेक टायर. सुमनताई पुटपुटल्या, "तुझं नशीब बघ. दिलीपभाऊजी तुला माहेरी गाडीतून तरी नेतात. आमचे हे कुठं नेतच नाहीत आताशा. बाजार, ठाणं, घर. ठरल्या रस्त्याबाहेर नाही म्हणजे नाही."

माझ्यावर जळण्यासारखं जगात काही आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं! खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. टायरसुद्धा हलका लागला.

*

आता हा किस्सा मंडळात दर वेळी मागून घेतात.

मी आमच्या कुलदेवीला नवस बोलले, 'अ‍ॅव्हरेज वाढू दे, खणा-नारळानं ओटी भरीन.' आमच्याकडे रीत अशी, की नवस बोलला की लाल कापडात नारळ बांधून तो त्या वस्तूलाच टांगायचा. पाळण्यासाठी नवस तर पाळण्याला, दुकानासाठी तर दुकानाच्या चौकटीला. आणि एकदा बांधला की नवस पुरा होईपर्यंत गाठ सोडायची नाही.

सुमनताईंच्या गाडीत आरशाला मोगऱ्याची माळ असते. म्हटलं, आपला नारळ त्याहून ठसठशीत दिसायला हवा. समोर चांगलं काळं बटण होतं, स्टेअरिंगच्या बाजूला. गाठ मारायला मागे जागा हवी, म्हणून जरासं ओढलं. आलं की हो बाहेर! मग नाडा तीनपदरी गुंडाळून, नारळ असा पक्का बसवला की देवीनंही शाबासकी द्यावी.

दुसऱ्या दिवसापासून गाडी काळा धूर ओकायला लागली. अ‍ॅव्हरेज नवाचं सहावर! हे कासावीस. मी उपासात अजून एक शनिवार वाढवला. बाळूनं अख्खा कार्ब्युरेटर खोलला, धुतला, पुन्हा बसवला. प्लग काढून बघितले तर काजळाच्या डबीसारखे. "शेठ, पेट्रोल ओव्हर होतंय. पण का होतंय कळत नाही!"

तो डोकं खाजवत सीटवर बसला आणि त्याची नजर लाल कापडावर गेली. त्यानं हळूच कापडाखाली बोट घातलं.

"वहिनी... हा चोक आहे!"

चोक म्हणजे थंड गाडी सुरू करताना ओढायचं बटण. ते ओढलं की इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, आणि गाडी तापली की परत आत ढकलायचं असतं. आमचं नारळासकट बाहेरच! त्यामुळे गाडी पहाटे एका किल्लीत सुरू व्हायची, म्हणून ह्यांचाही हात तिकडे गेला नाही.

"सोडा तो नारळ," बाळू म्हणाला.

"अरे, सोडता येत नाही. नवस पुरा व्हायला हवा."

"नवस कशाचा?"

"अ‍ॅव्हरेज वाढायचा."

"मग हा सोडल्याशिवाय वाढणार कसं?"

"आणि वाढल्याशिवाय सोडू कसा?"

बाळू माझ्याकडे बघतच राहिला. हे माझ्याकडे बघत राहिले. मी देवीकडे बघत राहिले.

शेवटी ह्यांनीच तोड काढली. गाठीला हात न लावता, चोकची मूठच फिरवून काढली आणि नारळासकट आरशाला टांगली! तेव्हापासून आमच्या गाडीचा चोक पकडीनं ओढावा लागतो. पण देवीचा शब्द मोडला नाही!

अ‍ॅव्हरेज परत नऊवर आलं. मी देवीला विचारलं, 'सहाचं नऊ झालं, म्हणजे वाढलंच की. हे धरायचं का?' पण मन घेईना. त्यांची अकराच होती ना अजून!

*

दसरा झाला. परीक्षेचा दिवस उजाडला. नियम साधा. कल्याणच्या पंपावर दोन्ही टाक्या अगदी तोंडापर्यंत भरायच्या, सारख्या टोपल्या लादायच्या, दुर्गाडी, काशेलीवरून कोलशेतच्या हॉलवर माल उतरवायचा, त्याच रस्त्यानं परत येऊन त्याच पंपावर पुन्हा टाक्या भरायच्या. जिला कमी पेट्रोल लागेल ती जिंकली.

"आणि लबाडी नको," मी म्हटलं. "मी भाऊजींच्या गाडीत बसणार."

"मग मी तुमच्या," सुमनताई लगेच म्हणाल्या.

मला तेच हवं होतं. एवढी वर्षं अकरा किलोमीटर काढतात कसे, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एखादी युक्ती सापडली तर तिथल्या तिथं उचलायची, असा बेत.

हे पुढे, आम्ही मागे. भाऊजी गाडी काय चालवत होते, जणू पाळणा हलवत होते! चाळीसच्या वर काटा नाही. ओव्हरटेक नाही, कचकन ब्रेक नाही. मला मनातून इतका हेवा वाटला! आमचे हे म्हणजे सारखे ब्रेक, सारखा अ‍ॅक्सिलरेटर. न राहवून विचारलंच, "भाऊजी, इतकं संथ कसं जमतं हो तुम्हाला?"

"त्यात काय," भाऊजी हसले. "दिल्याच्या गाडीचा मागचा लाल फाळका आहे ना, त्याच्यावर नजर ठेवायची. तो वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं. बाकी काही बघावं लागत नाही."

मी पण हसले. काशेलीच्या अलीकडे एक टँकर मध्ये घुसला. फाळका दिसेनासा झाला. भाऊजींनी गाडी हळूच कडेला घेतली आणि थांबले.

"का हो थांबलो?"

"येईल दिल्या."

रस्ता समोर मोकळा होता. लख्ख ऊन पडलेलं. एवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग माझ्या हातात दिला. "बघ गं, कुणाचा आहे."

सुमनताईंचा होता. "थांबलात ना?" त्या म्हणाल्या. "थांबा तिथंच. टँकर पुढे गेला, आम्ही पण कडेला उभं राहतो. आमचा लाल फाळका दिसला की निघा म्हणावं."

मी जपमाळ काढली, ती पुढचा रस्ताभर तशीच हातात राहिली. कुणासाठी काय मागायचं तेच सुचेना.

कोलशेतला दोघे भाऊ टोपल्या घेऊन हॉलमध्ये गेले. मी तिथल्या गणपतीला हात जोडून आले, तर सुमनताई आमच्या गाडीपाशी उभ्या. पदराला हात पुसत होत्या.

"टाकीचं झाकण नीट लागलंय का, बघत होते," त्या म्हणाल्या.

परत कल्याणच्या पंपावर. आधी भाऊजींची टाकी. नेहमीइतकं पेट्रोल गेलं, अकराच्या हिशोबानं अगदी बरोबर. भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला. ह्यांचा चेहरा उतरला. बाजूच्या सीटवर बसल्यासारखेच दिसायला लागले हो!

मग आमची. नळी लावली, जरासं पेट्रोल गेलं आणि खट्! पंपवाल्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा खट्! टाकी काठोकाठ. त्यांच्या निम्मंही गेलं नव्हतं.

पंपवाला ह्यांच्याकडे बघून म्हणाला, "काका, जाताना चालवत नेली आणि येताना ढकलत आणली काय?"

कुणीच हसलं नाही. हे आकड्याकडे बघत राहिले, मग सुमनताईंकडे, मग भाऊजींकडे.

भाऊजींनी आकडा वाचला नाही. माझ्याकडून ऐकला. मग म्हणाले, "दिल्या, जिंकलास. मी बाजूला बसतो." आणि आपल्या गाडीची किल्ली ह्यांच्या खिशात घातली. मग सवयीनं मागे हात घालून त्यांचा वाटेतल्या अडचणीसाठी भरून ठेवलेला पेट्रोलचा कॅन उचलला.

"सुमन, हा अर्धा कसा झाला गं?"

"उडून गेलं असेल," सुमनताई म्हणाल्या. "पेट्रोलच ते. उन्हात राहतंय थोडंच?"

मग माझ्याकडे वळल्या. कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि माझ्या कपाळाला बोट टेकवलं. बोटाला पेट्रोलचा भपकारा होता.

"अभिनंदन हो वंदे," त्या म्हणाल्या. "आणि दिलीपभाऊजींना एक सांग. उद्यापासून गाडी चालवताना ह्यांच्याशी बोलत राहायचं. रस्त्यात काय काय दिसतंय, ते सगळं सांगत जायचं. ऐकायला फार आवडतं ह्यांना."